परक्या मुलखातला तरुण मिशनरी: दिवस कसा जायचा, काय खायचा, काय सोसायचा?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या खोडद गावात आज एखादा गोरा तरुण पाठीवर सॅक लावून चालताना दिसला, तर गावकरी फारसे चकित होत नाहीत. ‘दुर्बिणीवर आला असेल’ म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. नारायणगावच्या पूर्वेला असलेल्या या गावात जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत आणि जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तिचा वापर करतात.

दोनशे वर्षांपूर्वी असाच गोरा तरुण दिसला असता, तर लोकांनी दोनच अंदाज बांधले असते. एक तर कंपनी सरकारचा साहेब, नाहीतर पाद्री. साहेबाच्या हाती सत्ता असे. पाद्र्याच्या हातात पुस्तकांची पिशवी आणि तोंडात मोडकीतोडकी मराठी. विशीत-तिशीत घर सोडून, समुद्र ओलांडून, ज्या भाषेचा गंध नाही त्या भाषेत धर्म सांगायला आलेली ही माणसे रोजचे आयुष्य कसे जगत होती?

या लेखाचा भर १८१३ नंतर मुंबईत आणि पुढे अहमदनगरात काम केलेल्या ‘अमेरिकन मराठी मिशन’वर आहे. मराठी मुलखाशी इतका लांबचा आणि इतका नीट नोंदवलेला संबंध दुसऱ्या फार थोड्या मिशनांचा आहे.

जुन्नरला परदेशी धर्मोपदेशक नवे नाहीत

‘मिशनरी’ म्हटले की आपल्यासमोर क्रूस आणि काळा झगा येतो. पण दूरदेशी जाऊन धर्म सांगण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. ‘महावंस’ या श्रीलंकेतल्या पाली ग्रंथानुसार, सम्राट अशोकाच्या काळात निरनिराळ्या प्रदेशांत बौद्ध भिक्खू पाठवले गेले. त्यांपैकी महाधम्मरक्खित महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात आला. अपरांतात, म्हणजे कोकण किनाऱ्याकडे पाठवलेला धम्मरक्खित तर ‘योन’ होता. योन किंवा यवन म्हणजे ग्रीक वंशाचा.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचा देशातला सर्वांत मोठा समूह आहे. तिथल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. भिक्खूंना दुपारच्या आत जेवण उरकावे लागे आणि पावसाळ्याचे महिने एकाच ठिकाणी काढावे लागत. पाणी आणि जेवणाची जागा हीच दोन दाने का दिली गेली असतील, ते यावरून कळते.

एकोणिसाव्या शतकातल्या ज्या मंडळींनी ही लेणी अभ्यासली, त्यांतही मिशनरी होते. स्कॉटिश मिशनचे जॉन स्टीव्हन्सन यांनी सह्याद्रीतल्या लेण्यांच्या लेखांवर लिहिले आणि मराठीचे व्याकरणही रचले. जॉन विल्सन यांनीही लेण्यांवर लेखन केले. दुसऱ्यांचा धर्म बदलायला आलेले लोक दुसऱ्यांच्याच धर्माचे दगड वाचत बसले, हे थोडे गमतीचे आहे.

हे अमेरिकन आले कसे?

१८१० साली अमेरिकेत परदेशी मिशनकार्यासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात पाच तरुणांना दीक्षा दिली गेली. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, अॅडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस ही त्यांची नावे.

हॉल, नॉट आणि राइस २४ फेब्रुवारीला ‘हार्मनी’ जहाजाने निघाले आणि ८ ऑगस्टला कोलकात्याला पोहोचले. साडेपाच महिने नुसते पाणीच पाणी. पोहोचल्यावर स्वागत तर दूरच, ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चालते व्हायचा हुकूम दिला. कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या कारणावरून लोक बिथरले तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात, हे तिचे गणित होते. त्यात त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले, म्हणजे हे तरुण शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले.

हॉल आणि नॉट गुपचूप दुसऱ्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. हॉल तेव्हा २८ वर्षांचा होता. मुंबईतही परत पाठवण्याची टांगती तलवार होतीच. एकदा दोघे मुंबईतून निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना पकडून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्ज-विनंत्या चालू राहिल्या. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले आणि वर्षअखेरीस त्यांना राहू देण्याचे ठरले. पहिले जवळजवळ एक वर्ष या माणसांनी ‘उद्या आपण इथे असू की नाही’ याच विवंचनेत काढले होते.

ठरल्यावर तरी सगळे टिकले का? नाही. नॉटची प्रकृती ढासळली आणि तो १८१५ मध्येच पत्नी रॉक्साना हिच्यासह परतला. जडसन ब्रह्मदेशात गेला. न्यूएलची कथा वेगळीच, ती पुढे येईल.

सकाळ: पंडितासमोर

नव्या मिशनऱ्याच्या दिवसाचा सर्वांत मोठा भाग धर्मोपदेशात जात नसे. तो जाई भाषा शिकण्यात.

साधने तुटपुंजी होती. कोलकात्याजवळच्या सेरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला गेला होता. मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश यायला १८३१ उजाडायचे होते. म्हणून पगारावर एखादा ब्राह्मण पंडित ठेवायचा आणि त्याच्यासमोर रोज तासन्‌तास बसायचे, हाच मार्ग. पंडिताला इंग्रजी येत नसे किंवा अगदी जुजबी येई, आणि साहेबाला मराठी.

अडचण नुसत्या शब्दांची नव्हती. पोथ्या बाळबोध लिपीत, तर पत्रे आणि हिशेब मोडीत. म्हणजे एकाच भाषेसाठी दोन लिप्या. ‘ळ’ आणि ‘ण’ जिभेवर येत नाहीत. कुणाला ‘अरे’ म्हणायचे, कुणाला ‘अहो’, आणि कुणाच्या नावापुढे ‘राव’ की ‘पंत’ की ‘बुवा’ लावायचे, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसते. पंडिताकडून शिकलेली मराठी बाजारात बोलली की लोक हसायचे, कारण ती पोथीची मराठी असे.

शिवाय धर्माचे शब्द. ‘देव’ म्हणावे तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खंडोबा किंवा विठोबा उभा राहतो. ‘पाप’, ‘तारण’, ‘आत्मा’ या प्रत्येक शब्दाला इथे आधीपासून अर्थ होते. भाषांतर करताना हे सगळे सोडवावे लागले. हॉलने सहकाऱ्यांसह बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते १८२६ मध्ये छापून पूर्ण झाले.

स्कॉटिश मिशनचा जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला तेव्हा २४ वर्षांचा होता. मराठी शिकण्यासाठी त्याला आणि पत्नी मार्गारेटला मुंबईत न ठेवता कोकणात हर्णैला पाठवले गेले. मुंबईत इंग्रजीवर निभावते, हर्णैला मराठीशिवाय मासळीही विकत मिळत नाही. युक्ती चांगली होती. विल्सन काही महिन्यांत मराठीतून बोलू लागला.

मिशनऱ्यांची मराठी मात्र बराच काळ टीकेचा विषय राहिली. वाक्ये इंग्रजी वळणाची, शब्द ओढून आणलेले. मराठी ख्रिस्ती भजनाला खरा देशी सूर आला तो १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. ते कामच परक्याच्या आवाक्यातले नव्हते.

दुपार: शाळा आणि छापखाना

१८१५ पासून अमेरिकन मिशनने मुंबईत शाळा काढायला सुरुवात केली. इथे एक पेच होता. शिकवायला ख्रिस्ती शिक्षक नव्हते, म्हणून ब्राह्मण पंतोजी नेमले गेले. म्हणजे ख्रिस्ती पुस्तके शिकवणारा गुरुजी स्वतः स्नानसंध्या करून शाळेत येई. बेने इस्रायल समाजातील मुले आणि पुढे शिक्षकही या शाळांत होते. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, तो हा मराठी बोलणारा ज्यू समाज.

तरुण मिशनऱ्याची दुपार या शाळांची फेरी करण्यात जाई. हजेरी खरी आहे का पाहा, परीक्षा घ्या, पंतोजीचा पगार चुकता करा. धर्मोपदेशकापेक्षा तपासनीसाचे काम जास्त.

होरेशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी १८१६ मध्ये आला आणि १८१७ मध्ये छापखाना सुरू झाला. धर्मापेक्षा या छापखान्याचा महाराष्ट्रावर जास्त परिणाम झाला, असे म्हणायला जागा आहे. त्याच्याकडे पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभा केला आणि छापील पंचांगे काढली. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी यांनी लहान वयात याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचे काम केले होते. ख्रिस्ती पत्रके छापणाऱ्या यंत्राने शेवटी संस्कृत पोथ्या घरोघर पोहोचवायला मदत केली. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरहून निघाले.

संध्याकाळ: बाजारात

ऊन उतरल्यावर हॉल आणि त्याचे सोबती रस्त्यावर जात. बाजार, देवळाचे आवार, तलावाचा काठ, जिथे चार माणसे दिसतील तिथे बोलणे सुरू. हॉलच्या दैनंदिनीत अशा संवादांच्या भरपूर नोंदी आहेत. कुणी ऐकून घेई, कुणी प्रश्न विचारी, कुणी चेष्टा करी, कुणी नुसताच निघून जाई.

प्रश्न सोपे नसत. तुमचा देव सर्वांचा, तर आमच्या पूर्वजांना त्याने का नाही सांगितले? तुम्ही गाय खाता आणि दया शिकवता ते कसे? पुढे १८३० च्या दशकात हे वाद जाहीर सभांत होऊ लागले. मोरभट दांडेकर यांनी विल्सनशी वाद घातला आणि १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांच्या मुंबईच्या समुद्रकाठावरच्या वादसभा गाजल्या. मिशनऱ्याला रोज उत्तर द्यावे लागे ते कोऱ्या पाटीला नव्हे, वादविवादाची जुनी परंपरा असलेल्या समाजाला.

फळ किती? आकड्यांत पाहिले तर अगदी नगण्य. हॉलने मुंबईत तेरा वर्षे काढली, आणि तोवर धर्मांतरितांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. घरी अमेरिकेत देणगीदार अहवालाची वाट पाहत, आणि अहवालात लिहायला शाळा, पत्रके व संभाषणे एवढेच.

दौरा: देवळाच्या ओसरीत

पावसाळा संपला की दौरे सुरू होत. पायी, घोड्यावर, बैलगाडीने. मुक्काम धर्मशाळेत, चावडीत, नाहीतर देवळाच्या ओसरीत. आज पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव-आळेफाटा दोन-तीन तासांत मागे टाकणाऱ्याला त्या प्रवासाची कल्पना येणे कठीण आहे. रोज दोन-तीन गावे, प्रत्येक गावी पाटलाची गाठ, मग पारावर बोलणे. परदेशी माणूस पाहायला सगळे गाव जमे, आणि त्या गर्दीतल्या बहुतेकांना त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या टोपीत रस असे.

मार्च १८२६ मध्ये हॉल अशाच दौऱ्यावर निघाला आणि नाशिकला पोहोचला. तिथे पटकीने थैमान घातले होते. माणसे पटापट मरत होती. जवळ असलेली औषधे त्याने वाटली आणि तो परत फिरला. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत रात्री मुक्काम केला. पहाटे त्यालाच पटकी झाली. औषध संपले होते. २० मार्चला दुपारच्या सुमारास तो गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी. सोबत मिशन शाळेत शिकलेली दोन मुले होती. त्यांनीच कबरीची व्यवस्था केली.

घर, पत्रे आणि मरण

हॉलची पत्नी मार्गारेट लुईस ही इंग्रज होती, लग्न मुंबईतच १८१६ मध्ये झालेले. १८२५ मध्ये तिने दोन मुलांना घेऊन अमेरिकेची वाट धरली, हवा मानवत नव्हती म्हणून. हॉल काम सोडायला तयार नव्हता, तो मागे राहिला. एक मुलगा समुद्रातच वारला. पुढच्या मार्चमध्ये हॉल गेला, आणि ती बातमीही जहाजानेच जायची होती. तिला ती काही महिन्यांनी कळली असणार. तोवर ती त्याला पत्रे लिहीत असेल.

सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट तर भारतात टिकलीच नाही. कंपनीने कोलकात्याहून घालवल्यावर हे जोडपे मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर मुलगी जन्मली आणि गेली, पाठोपाठ ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट गेली. ती १९ वर्षांची होती. न्यूएल एकटाच श्रीलंकेमार्गे १८१४ मध्ये मुंबईला आला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. विल्यम हर्वी डिसेंबर १८३१ मध्ये नगरच्या नव्या केंद्रावर रुजू झाला आणि पुढच्या मे महिन्यात, पाचच महिन्यांत, त्याच रोगाने गेला. मार्गारेट विल्सन मुंबईत मुलींच्या शाळा चालवता चालवता १८३५ मध्ये गेली.

यादी लांबवण्यात अर्थ नाही. पटकी पाण्यातून पसरते हे त्या काळी कुणाला माहीत नव्हते. ती पाद्र्यालाही गाठत होती आणि त्याच्या शेजारच्या कोळ्यालाही. फरक इतकाच, की पाद्र्याच्या मरणाची नोंद बोस्टनला छापली जाई.

एकटी आलेली बाई

सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरली तेव्हा ३२ वर्षांची होती आणि अविवाहित होती. अमेरिकन बोर्डाने अविवाहित स्त्रीला समुद्रापार पाठवणे हेच तेव्हा अपूर्व होते. मुलींच्या शाळा हे तिचे काम. आधी मुंबईत, मग १८३९ पासून नगरला.

मुलगी शाळेत आणायची म्हणजे आधी घर जिंकायचे. आई, आजी, सासू यांच्याशी ओटीवर बसून बोलायचे, आणि तेही नऊवारीतल्या बायकांच्या मराठीत, पंडिताच्या नव्हे. आज आलेली मुलगी लग्न ठरले की उद्या बंद. नगरची तिची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती आणि तिचा प्रभाव त्यांच्यावर पडला, असा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. फरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

दाराच्या पलीकडची बाजू

मिशनऱ्याच्या हालअपेष्टांची गोष्ट सांगताना, ज्यांच्या घरात तो शिरला त्या घरांचे काय झाले हेही सांगायला हवे.

१८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेले, पारशी समाजाने शाळेतून मुले काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा लहान भाऊ श्रीपतही मिशनऱ्याच्या घरी राहू लागला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुलगा अल्पवयीन म्हणून त्यांच्या ताब्यात दिला गेला. पण गोष्ट इथे संपली नाही. परक्यांचे अन्न खाल्लेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर ब्राह्मण समाजात मोठे वादंग झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर शुद्धीकरणाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

एका भावाला घर मिळाले, पण जात सहजी मिळेना. दुसऱ्याचे घरच तुटले. नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि जालन्याकडे त्यांनी मोठे काम केले. त्या बापाचे दिवस कसे गेले असतील, ते कुठल्याही मिशनच्या अहवालात नाही.

पगार नाकारणारा बोवेन

१८४८ च्या जानेवारीत आलेला जॉर्ज बोवेन ३१ वर्षांचा होता. मिशनऱ्यांची बंगल्यातली राहणी त्याला खटकली. ज्यांना गरिबाच्या देवाबद्दल सांगायचे, त्यांच्यापेक्षा आपण इतके वर का राहतो, हा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच वर्षी त्याने मिशनचा पगार सोडला, वस्तीत साधी जागा घेतली आणि किरकोळ कमाईवर राहू लागला. रोज रस्त्यावर मराठीतून बोलणे आणि रात्री ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रासाठी लिहिणे. १८८८ मध्ये मुंबईतच वारला, अमेरिकेला एकदाही परतला नाही. त्याच्या साधेपणाने मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले, असे मात्र घडले नाही.

आज काय बदलले?

काहींच्या बाबतीत काम बदलले. हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये तरुणपणी भारतात आले आणि पुढे अहमदनगर जिल्ह्यात त्यांचे नाव झाले ते पाणलोट विकासामुळे. जुन्नरला लागून असलेल्या पारनेर-संगमनेरच्या दुष्काळी पट्ट्यात चर, बांध आणि चराईबंदी हे शब्द ज्यांच्यामुळे रुजले, त्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

जगात सर्वांत ठरीव दिनक्रम आज मॉर्मन चर्चच्या तरुण मिशनऱ्यांचा असतो. मुलगे १८ व्या वर्षापासून जाऊ शकतात आणि २४ महिने सेवा करतात. मुलींसाठी मुदत १८ महिन्यांची. कुठे जायचे ते चर्च ठरवते, तरुण नाही. नेहमी जोडीने राहायचे, एकट्याने बाहेर पडायचे नाही, प्रेमप्रकरण नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रांसाठी. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करायची मुभा मिळाली.

भारतात येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांसाठी वेगळ्या प्रकारचा व्हिसा आहे. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीलाही मिशनरी किंवा तबलीगी कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. न्यू जर्सीत वाढलेला एखादा मराठी मुलगा आजोळी खोडदला सुट्टीत आला, तर गावात हिंडायला त्याला काही अडचण नाही. तो धर्म सांगायला आला असेल, तर मात्र आधी अर्ज करावा लागेल.